हरिपुरा पोस्टरची हाती काढलेली प्रत: कॅनव्हास, दर आणि बाकीचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नेरुळला तुमच्या सोसायटीचं वाचनालय नव्यानं लागतंय. तुमचे आजोबा फैजपूर काँग्रेसला स्वयंसेवक होते, म्हणून एका भिंतीवर चित्रकार नंदलाल बोस यांच्या हरिपुरा पोस्टरपैकी सहा चित्रं लावायची आहेत, जमलं तर सातवं म्हणून त्यांचंच दांडीयात्रेचं 'बापूजी'. ऑनलाइन एकानं 'शंभर टक्के हँडपेंटेड, ऑइल ऑन कॅनव्हास, तीन बाय चार फूट' असं ४,५०० रुपयांना एक सांगितलं. दुसऱ्या एका चित्रकारानं त्याच मापाचे १८,००० सांगितले. एवढा फरक का, आणि कुणाला काम द्यावं?

माझं उत्तर: या मापात आणि या माध्यमात दोघांनाही देऊ नका. दराचं पुढे बघू. दोघांनीही 'ऑइल ऑन कॅनव्हास, तीन बाय चार' असं तोंडावर सांगून टाकलं, याचा अर्थ मूळ चित्र कशावर, कशानं आणि कशासाठी काढलंय हे दोघांपैकी कुणी बघितलेलं नाही. प्रतीचं काम तिथूनच सुरू होतं.

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात तीसेक वर्षं प्रती काढतो. त्याआधी दहा वर्षं बोर्ड, बॅनर आणि निवडणुकीच्या भिंती. त्या भिंतींचा इथं संबंध आहे, म्हणून सांगतोय.

हरिपुरा म्हणजे सुरत जिल्ह्यात बारडोलीजवळचं गाव. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी मंडपासाठी ही चित्रं केली. शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून सगळी मिळून चारशेच्या घरात झाली, त्यातली ऐंशीच्या वर त्यांच्या स्वतःच्या हातची. वर हातकागद, खाली बायंडर वापरतो तसला जाड पुठ्ठा, आणि मातीचे रंग. विषय पुढाऱ्यांचे नाहीत. ढोलवाला, शिंपी, जोडे शिवणारा, बैल आवरणारा गडी, पैलवान, कांडण करणाऱ्या बायका, वीणा वाजवणारी. अधिवेशनाला आलेला शेतकरी मंडपात शिरताना आपल्यालाच भिंतीवर बघत होता, हे त्यातलं राजकारण. लांबून, चालता चालता, धुळीत आणि गर्दीत दिसायला हवीत अशी ती चित्रं आहेत.

एक दुरुस्ती इथंच करतो, राग मानू नका. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं. खेड्यात भरलेलं ते पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथली सजावटही नंदलालबाबूंचीच होती, पण ती बांबू, गवत अशा तिथल्याच सामानातून उभ्या केलेल्या मंडपाची. हरिपुरा पोस्टर त्यानंतर चौदा महिन्यांनी आली. तेव्हा आजोबांनी ही चित्रं फैजपुरात पाहिली असं घरात सांगत असतील तर ते तसं नसावं. चित्रकार तोच आणि विचारही तोच, त्यामुळे ही चित्रं लावण्यात काही वावगं नाही. फक्त चित्रांखालच्या नावाच्या पट्टीवर चुकीचं जाऊ देऊ नका.

आता भिंती. फ्लेक्स यायच्या आधी निवडणूक लागली की आम्ही रात्री दहाला निघायचो. सायकलला दोन बादल्या, चुना आणि गेरू, डब्यात नीळ, बांधायला सरस. कळव्यापासून कोलशेतपर्यंत एका रात्रीत वीस-पंचवीस भिंती. चिन्ह काढायला मोजून दहा मिनिटं. तिथं शेडिंग करत बसलात तर उजाडायचं. त्या घाईत हाताला एक शिस्त लागते. सपाट रंग आधी, रेघ शेवटी, आणि रेघ एकदाच. पुढे दिल्लीला जयपूर हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, हरिपुरा पोस्टर पहिल्यांदा समोरून बघितली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'अरे, हा माणूस भिंत मारतोय!' शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं. पण मी कौतुकानंच म्हणालो होतो. चारशे चित्रं वेळेत हवीत, हाताशी पोरं आहेत, रंग स्वस्त आहेत, असं ते काम. घाईच त्या रेषेत उतरली आहे.

म्हणून तेलरंग नको म्हणतो. तेलरंग सावकाश वाळतो, चकाकतो, आणि चित्रकाराला पुन्हा पुन्हा हात फिरवायचा मोह देतो. गडी आणि बैल दोन्ही गुळगुळीत होतात, दिवाणखान्यातल्या निसर्गचित्रासारखे. मापाचंही तसंच. मूळ पोस्टर साधारण दोन फूट उंच आणि त्याहून दोन-तीन इंच कमी रुंद, जवळजवळ चौरस. बऱ्याच चित्रांत आकृती महिरपीत बसवलेली आहे. तीन बाय चारमध्ये घालायचं म्हणजे एकतर महिरप ताणायची, नाहीतर वरखाली मनानं भर घालायची. ताणलेली महिरप काडेपेटी उभी केल्यासारखी दिसते.

मी करतो ते सांगतो. कागद हातकागदच, पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा तसाच जाड, थोडा खरबरीत. रंगांत गेरू, पिवडी म्हणजे पिवळी माती, खडूची पूड, काजळी. निळ्यासाठी मात्र ट्यूबमधला अल्ट्रामरीन घेतो, देशी नीळ उजेडात उतरते. बांधायला बाभळीचा डिंक, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला, त्यात लवंगतेलाचे दोन थेंब. नाहीतर दोन दिवसांत डबा उघडवत नाही. डिंक किती घालायचा हे कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. कागदाच्या कपट्यावर पट्टा मारायचा, वाळू द्यायचा, आणि अंगठ्यानं घासायचा. अंगठा लाल झाला तर डिंक कमी. पट्टा चमकला किंवा कागद वाकवल्यावर तडकला तर जास्त. पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये हे प्रमाण वेगळं येतं, त्यामुळे दर खेपेला नव्यानं बघावं लागतं.

ग्राफ टाकून रेखाटन उतरवतो, सपाट रंग भरतो आणि चित्र रात्रभर तसंच ठेवतो. रेघ दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी. त्याआधी त्याच मापात रद्दीवर वीस-पंचवीस वेळा तीच रेघ ओढून बघतो. बैलाची पाठ घ्या. ब्रश भरून टेकवायचा, मानेपाशी दाबायचा, पाठीवर सैल सोडायचा, शेपटीपाशी पुन्हा दाबून उचलायचा. हात खांद्यातून हलला पाहिजे, मनगटातून हलला तर रेघ कोती होते. छापील चित्र शेजारी ठेवून डोळे इकडून तिकडे करत ओढलेली रेघ थरथरते, आणि ती थरथर दहा फुटांवरून दिसते. सहा चित्रांच्या ऑर्डरीत माझी दोन तरी बाद होतात. त्यामुळे कुणी 'एकही बाद होत नाही' म्हणाला तर तो प्रोजेक्टर लावून गिरवतोय असं मी समजतो.

एका ठिकाणी मात्र मी मुद्दाम मूळ सोडतो. तो जाड पुठ्ठा. त्यातलं आम्ल कागदात उतरतं, कागद तांबूस होऊन तुटायला लागतो. मूळ कामाला चार दिवसांच्या मंडपात टिकायचं होतं, तुमच्या चित्रांना वाचनालयात वीस वर्षं काढायची आहेत. म्हणून मागे ॲसिड-फ्री बोर्ड. समोरून फरक दिसत नाही.

आता सगळ्यांत अडचणीचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही पण तुमचा चित्रकार विचारेल, निदान विचारायला हवा. प्रत कुठल्या दिवसाची काढायची? आज दिसतं त्या चित्राची, की काढलं त्या दिवशीच्या चित्राची? यात मी स्वतः फसलेलो आहे. १९९७-९८ च्या सुमारास इस्टेटमधल्या एका कामगार संघटनेला त्यांच्या ऑफिसात देलाक्रुआचं 'लिबर्टी लीडिंग द पीपल' हवं होतं, हातात झेंडा घेतलेली ती फ्रेंच बाई. १८३० चं चित्र, लूव्रमध्ये आहे, २६० बाय ३२५ सेंटिमीटर. म्हणजे बरोबर चारास पाच. चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास अचूक बसला, पाच आठवडे घातले, तेलरंगातच, कारण मूळच तेलरंगात आहे. त्या बाईचा झगा मी छान हळदी पिवळा केला, छापील पुस्तकात तसाच होता. पुढे लूव्रनं ते चित्र साफ केलं, वरचे व्हार्निशचे जुने थर काढले आणि मे २०२४ मध्ये पुन्हा भिंतीवर लावलं. झगा निघाला फिकट राखाडी, त्यावर पिवळ्याची झाक! म्हणजे मी इमानेइतबारे व्हार्निशची प्रत काढली होती. (त्या संघटनेच्या मंडळींना वेगळीच काळजी होती. 'बाईंच्या अंगावर जरा पदर घाला' म्हणाले. मी म्हटलं, घालतो, पण मग खाली देलाक्रुआचं नाव येणार नाही. शेवटी ते चित्र आतल्या केबिनमध्ये लागलं.)

हरिपुऱ्याच्या बाबतीत व्हार्निशची भानगड नाही, पण कागद ऐंशीहून जास्त वर्षांचा आहे, आणि इंटरनेटवरचा प्रत्येक फोटो वेगळ्या दिव्यात काढलेला. एकाच पोस्टरचा गेरू एका ठिकाणी विटेचा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी गाजराचा. मी नवे रंग नवेच लावतो, फक्त पांढरा अगदी शुभ्र ठेवत नाही. कागद चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' करून देणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसरा कुणी म्हणेल की आज संग्रहालयात दिसतं तसंच हवं. तेही मान्य आहे, पण मग सहाही चित्रं तशीच हवीत. तीन नवी आणि तीन जुनाट असं मिसळलं की भिंत विचित्र दिसते.

सातवं 'बापूजी'. ते १९३० चं काम लिनोकट आहे, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेला छाप. काळ्यात पांढरी रेघ दिसते ती ब्रशची नाही, कोरणीची आहे. तिची ब्रशनं नक्कल करणं म्हणजे लाकडावरचं कोरीवकाम पेन्सिलीनं काढण्यासारखं. ते हवंच असेल तर छापचित्रं करणारा माणूस गाठा, तो नवा ठोकळा कोरून छाप काढेल. असाच एक गृहस्थ वाशीहून आला होता, एल लिसित्स्कीचं १९१९ चं लाल पाचरीचं रशियन पोस्टर हातानं रंगवून हवं म्हणून. मूळ लिथोग्राफ आहे, म्हणजे तोही छापच. मी त्यांना चांगल्या कागदावर छापून घ्या म्हटलं आणि परत पाठवलं. हातानं काढलं म्हणून प्रत्येक गोष्ट चांगली होते असं नाही, माझं पोट त्यावर चालत असलं तरी.

आता दर. ४,५०० वाल्याचं गणित सोपं आहे. बहुधा ते कॅनव्हासवर छापलेलं असतं, वरून पारदर्शक जेल ब्रशनं फासलेलं. ओळखायचं असं: मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूनं, अगदी भिंतीलगत तिरका धरा. ब्रशचे फराटे रंगाच्या कडेशी न थांबता गड्यावरून सरळ महिरपीवर जात असतील तर ते जेल आहे. मग दहापट भिंगातून किंवा फोन अगदी जवळ नेऊन बघा, छपाईचे बारीक ठिपके दिसतील. १८,००० वाला चित्रकार लबाड वाटत नाही. बारा चौरस फूट, दीड हजार रुपये फुटानं, असा त्यानं हिशेब मांडला. आमच्याकडे पुष्कळ जण असाच दर लावतात. फक्त या कामाला तो लागू होत नाही.

मी दिवसांचे पैसे घेतो. एका पोस्टरला सरावासकट तीन दिवस, मूळ मापात ९,००० रुपये, फ्रेम वेगळी. सहांना महिनाभर. त्यात रंग आणि कागद पाचशेचेही नसतात. तुम्ही माझ्याकडेच यावं असं अजिबात नाही. पोर्ट्रेट काढणाऱ्यापेक्षा जुना बोर्ड पेंटर शोधा, ज्यानं आयुष्यभर अक्षरांच्या वेलांट्या ओढल्या आहेत. नौपाड्यात, बेलापुरात, कुठंही एखादा सापडेल, फ्लेक्सनं बेकार केलेला आणि हात अजून शाबूत असलेला. आधी एकच चित्र करायला सांगा, त्याचे पैसे पूर्ण द्या, ते पंधरा दिवस भिंतीला टेकवून ठेवा, मग बाकीच्या पाचांचं बोला.

आणि परवानगी. 'मूळ चित्र सरकारी संग्रहालयात आहे म्हणजे ते सगळ्यांचं' असं बरेच जण समजतात. चित्राची मालकी एक आणि प्रत काढण्याचा हक्क दुसरा. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. नंदलालबाबू गेले १९६६ मध्ये. म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत हक्क शिल्लक, १ जानेवारी २०२७ पासून मोकळं. पिकासो १९७३ मध्ये गेला, त्याच्या 'गेर्निका'ला २०३३ अखेरपर्यंत थांबावं लागेल. घरात स्वतःच्या अभ्यासासाठी कुणी एखादं काढलं तर त्याच्या मागे कुणी लागत नाही, पण सोसायटीच्या वाचनालयात पैसे देऊन करून घेतलेली सहा चित्रं म्हणजे वेगळी गोष्ट. त्या तारखेआधी लावायची असतील तर हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर काम तारखेनंतरचं धरा.

घाईच असेल तर अवनींद्रनाथ ठाकुरांची 'भारतमाता' आहे, १९०५ ची, वंगभंगाच्या दिवसांतली. भगव्या वस्त्रातली चार हातांची बाई, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि माळ. अवनींद्रनाथ १९५१ मध्ये गेले, त्यामुळे ते चित्र कधीच मोकळं झालंय. पण ते जलरंगातलं, वहीच्या पानाएवढं चित्र आहे, धुक्यासारखे रंगांचे वॉश एकावर एक दिलेले. ते पाच फुटांचं करायला सांगू नका. वहीच्या पानाएवढंच करा, मोठं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, द्या, आणि वाचायला बसतात त्या खुर्चीच्या उंचीवर लावा.

हो, मागच्या बाजूला 'प्रत' हा शब्द, काढणाऱ्याचं नाव आणि तारीख न पुसणाऱ्या शाईनं लिहून घ्याच. नंदलाल बोस हे ज्यांची चित्रं सरकारनं कलानिधी ठरवली आहेत त्या नऊ चित्रकारांपैकी एक. त्यांच्या मूळ चित्रांना देशाबाहेर नेता येत नाही. उद्या सोसायटीतलं कुणी हौसेनं एखादी प्रत परदेशातल्या मुलाकडे घेऊन निघालं आणि मागे काहीच लिहिलेलं नसलं, तर विमानतळावर समजावत बसावं लागेल.

नेरुळला खाडीचा दमटपणा आहे, ठाण्यालाही आहे, त्यामुळे लावण्याचं थोडं. बाहेरची पावसाळी भिंत नको, आतली दोन खोल्यांमधली घ्या. काच चित्राला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी, नाहीतर जुलैत रंग काचेला उचलला जातो. फ्रेमवाल्याला डबल टेप लावू देऊ नका, वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरी पुरते. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. आणि वाचनालय म्हटलं की कसर आलीच. तिला पुस्तकांची खळ आवडते तसा चित्रातला डिंकही आवडतो. दर दिवाळीच्या साफसफाईत फ्रेमा उतरवून मागून बघा.

पट्टीवर एवढं पुरे: 'नंदलाल बोस यांच्या हरिपुरा पोस्टरवरून (१९३८). प्रत:' आणि पुढे पेंटरचं नाव, वर्ष. आजोबांचा फोटो त्या सहांच्या रांगेत घालू नका. तो वेगळ्या भिंतीवर, दाराजवळ लावा, आणि त्याखाली फैजपूर, डिसेंबर १९३६ असं लिहा. स्वयंसेवकाचा बिल्ला किंवा एखादं पत्र घरात असेल तर तेही त्याच फ्रेममध्ये बसेल. माप कळवलंत तर माउंट कसं कापायचं ते सांगतो.